मिठाच्या गोण्या

दौलताबादला पाहुणे घेऊन गेलो की आम्ही त्यांना खंदक दाखवतो, अंधारी दाखवतो, मेंढा तोफ दाखवतो. गडाची एक गोष्ट मात्र दाखवता येत नाही, ती सांगावीच लागते. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर, म्हणजे याच गडावर, चालून आला तेव्हा यादवांचे मोठे सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेले होते. राजे रामदेवराय गडावर गेले आणि दरवाजे लागले. समोरून चढून घ्यावा असा हा गड नाही. कोकणातून आलेले व्यापारी पायथ्याशी गोण्या टाकून पळाले होते. धान्य समजून त्या घाईघाईने वर चढवल्या गेल्या. वेढ्याच्या दिवसांत त्या उघडल्या तेव्हा आत मीठ निघाले. रामदेवरायांना तह करावा लागला. इतिहासकार फेरिश्त्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

ही गोष्ट सांगताना माझे मन दर वेळी त्या गोण्या वाहणाऱ्या माणसांपाशी अडकते. एकाने जरी एका गोणीचा टाका उसवून आत हात घातला असता तरी पुरे होते. आमच्या जाधववाडीच्या मोंढ्यात आजही कुणी गोणीवरचे नाव वाचून भाव करत नाही. टोकदार पोकळ नळी गोणीत खुपसतात, चार दाणे तळहातावर घेतात, दाताखाली धरतात, मग बोलणी सुरू होतात.

डिजिटल सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की यांच्या जगात ती नळी म्हणजे कमांड लाइन. काळ्या खिडकीत आज्ञा टंकायच्या म्हटले की पुष्कळांना धडकी भरते. पण या जगात फाइलचे नाव एक आणि आतला माल दुसरा, हे इतक्या वेळा घडते की नळी खुपसायला शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारची गोष्ट. वाळूज औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना. बिले आणि मालाच्या पावत्या ज्या सर्व्हरवरून जातात त्याचे सर्टिफिकेट रविवारी रात्री बारा वाजता संपले. सकाळी गेटवर तीन टेम्पो उभे आणि पावती निघेना. संगणक सांभाळणाऱ्या मुलाने नवे सर्टिफिकेट आणलेले होते, ते टाकलेही होते, तरी सर्व्हर उठायला तयार नव्हता. ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ एवढेच तो सांगत होता.

“फाइल तर हीच दिलीय सर त्यांनी,” तो म्हणाला.

“हीच कशावरून?”

“नावावरून.”

फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल-न्यू’, ‘फायनल-न्यू-२’ आणि ‘जुनं वापरू नये’ अशा नावांच्या फायली होत्या. एक उघडून त्याने मला दाखवली. वर पाच आडव्या रेघा, मग ‘बिगिन’ असे काही, आणि खाली ‘एमआयआय’ या तीन अक्षरांनी सुरू होणारी अर्थहीन अक्षरांची वीट. दुसरी उघडली, तीही ‘एमआयआय’नेच सुरू. मुलगा गोंधळला त्यात त्याचा दोष नव्हता. आरएसए पद्धतीची प्रायव्हेट की काय किंवा सर्टिफिकेट काय, दोन्हींच्या आत माहिती मांडायची रीत एकच आहे. तिचे पहिले काही बाइट्स सारखे असतात आणि मजकुरात उतरवले की त्यांची हीच तीन अक्षरे होतात. ‘बिगिन’ची ओळ नीट वाचली नाही तर डोळ्याला दोन्ही गोण्या सारख्याच दिसतात.

या दोन गोष्टी नेमक्या काय आहेत ते आधी पाहू, मग वाळूजला परत येऊ. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या आणि त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार जगाला सांगितला तरी चालतो. त्या दोन संख्या मात्र स्वतःजवळ ठेवायच्या. गुणाकाराभोवती बांधलेली ती पब्लिक की आणि मूळ संख्या जिच्यात आहेत ती प्रायव्हेट की. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ साली ही रीत मांडली. ब्रिटनच्या गुप्त खात्यात क्लिफर्ड कॉक्स या गणितज्ञाने ती १९७३ सालीच शोधली होती, पण ते जगाला १९९७ पर्यंत कळले नाही. आज सर्रास वापरली जाणारी २०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीने लिहिली तर ६१७ अंकी भरते. २०२० साली संशोधकांनी २५० अंकी संख्येचे अवयव पाडून दाखवले. एकट्या प्रोसेसर-कोअरला त्या कामाला सुमारे २७०० वर्षे लागली असती. ६१७ अंकी संख्या त्याहून किती दूर आहे याचा अंदाज यावरून बांधता येईल.

सर्टिफिकेट म्हणजे पब्लिक की अधिक नावगाव. ही की अमक्याची आहे, अमुक तारखेपर्यंत ग्राह्य आहे, असा दाखला, आणि त्याखाली दाखला देणाऱ्याची सही. तो दाखला दारावर चिकटवला तरी हरकत नाही, उलट त्यासाठीच तो असतो. प्रायव्हेट की कुणालाही द्यायची नसते. सर्टिफिकेट देणाऱ्यालासुद्धा नाही. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हणतो, कारण निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात.

वाळूजला आम्ही दोन आज्ञा दिल्या. इथे त्या बोलताना उच्चारतो तशा लिहितो; यंत्रावर त्या रोमन लहान अक्षरांत टंकायच्या.

ओपनएसएसएल एक्स५०९ -इन नवे.सीआरटी -नोआउट -पबकी

ओपनएसएसएल पीकी -इन जुनी.की -पबआउट

पहिली आज्ञा सर्टिफिकेटच्या पोटातली पब्लिक की बाहेर काढते. दुसरी प्रायव्हेट कीवरून तिची जोडीदार पब्लिक की काढून दाखवते. दोन्ही उत्तरे अक्षर न अक्षर सारखी आली तर जोडी खरी. लांबलचक मजकूर डोळ्यांनी ताडून पाहणे कठीण, म्हणून दोन्हींचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारी छोटी खूण, काढायचा आणि ठसे जुळवायचे. आम्ही सर्टिफिकेटातल्या पब्लिक कीचा ठसा कागदावर लिहिला आणि फोल्डरमधल्या तिन्ही कींचे ठसे त्याखाली मांडले. एकही जुळेना.

मुलाला खोदून विचारले तेव्हा उलगडले. सर्टिफिकेटासाठीचा अर्ज, म्हणजे सीएसआर, कारखान्याच्या सर्व्हरवर बनलाच नव्हता. सर्टिफिकेट आणून देणाऱ्या मध्यस्थाच्या माणसाने कुठल्याशा संकेतस्थळावर बटण दाबून की आणि अर्ज दोन्ही बनवले होते. की त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि ती ज्या फोनवर आली तो मधल्या काळात बदलला होता. म्हणजे कारखान्याची की एका अनोळखी संकेतस्थळाने पाहिली होती, एका परक्या माणसाने पाहिली होती, एका फोनमध्ये राहिली होती. एवढे करून ती कारखान्याकडेच नव्हती.

मुलगा म्हणाला, “त्यांच्याकडून परत मागवू?”

मी नको म्हणालो. एवढे हात लागलेली की जुळली तरी वापरायची नाही. ‘ओपनएसएसएल जेनपीकी’ने त्याच सर्व्हरवर २०४८ बिटांची नवी आरएसए की बनवली. तिच्यावर ‘सीएचमॉड ६००’ लावले, म्हणजे मालकाच्या खात्याशिवाय दुसऱ्या कुठल्या साध्या खात्याला ती वाचताही येणार नाही. ‘ओपनएसएसएल रेक -न्यू’ने अर्ज बनवला आणि फक्त तो अर्ज बाहेर पाठवला. अर्जात पब्लिक की आणि नावगाव असते आणि त्यावर प्रायव्हेट कीने केलेली सही असते. देणाऱ्याला तेवढे पुरते. त्याच अर्जावर सर्टिफिकेट पुन्हा मिळाले, दुपारी दोनला सर्व्हर उठला, टेम्पो गेले.

तरीही काम पूर्ण झालेले नव्हते. फाइल बदलली तरी वेबसर्व्हर जुनेच सर्टिफिकेट स्मरणात धरून बसू शकतो. त्याला रीलोड करावे लागते. शिवाय मधल्या प्राधिकरणाचे सर्टिफिकेट जोडायचे राहिले की कार्यालयातल्या संगणकावर सगळे ठीक दिसते आणि टेम्पोवाल्याच्या फोनवर धोक्याची पाटी येते. म्हणून बाहेरून, अनोळखी माणसासारखे दार ठोठावून पाहायचे: ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट’, पुढे सर्व्हरचे नाव आणि ४४३. दारावर या क्षणी खरोखर कोणता दाखला लावलेला आहे ते ही आज्ञा सांगते. आपण फोल्डरमध्ये काय ठेवले याच्याशी तिला कर्तव्य नाही. मला ही आज्ञा सर्वांत आवडते.

ओपनएसएसएल हे नाव वारंवार येते आहे, त्याचा जन्म १९९८ चा. त्याआधी ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी एसएसएलीय नावाची सामग्री लिहिली होती, तिच्यावर तो उभा राहिला. मोफत आणि खुला. मात्र हत्यार चांगले असले तरी वापरताना भान लागतेच. २००६ साली डेबियन या लिनक्स प्रकारात सांभाळणाऱ्यांनी ओपनएसएसएलमधल्या निरुपयोगी वाटलेल्या ओळी काढल्या. त्या ओळींतून यादृच्छिकपणा येत होता. त्यानंतर जवळपास दोन वर्षे त्या यंत्रांवर ठरावीक प्रकारची आणि लांबीची की बनवली तर ३२,७६८ शक्यतांपैकीच एक निघत असे. मे २००८ मध्ये ते उघडकीस आले. दिसायला प्रत्येक की लांबलचक, भरभक्कम. आत मीठ.

आता सहीकडे वळू. मराठी माणसाला ती समजायला परक्या उदाहरणांची गरज नाही. शिवकालीन पत्रे पाहिली आहेत? वर मुद्रा, आणि मजकूर जिथे संपतो तिथे लगटून मोर्तब. मजकुराची मर्यादा इथे संपली, यापुढे कुणी ओळ घातली तर ती आमची नव्हे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही पक्के झाले या अर्थाने वापरतो. पत्र कुणाचे हे मुद्रा सांगते; पत्र एवढेच आहे हे मोर्तब सांगते. डिजिटल सहीला हीच दोन कामे एका दमात करायची असतात. फरक एवढाच की शिक्का प्रत्येक पत्रावर सारखाच उमटतो, म्हणून कुशल कारागीर तो कोरू शकतो. डिजिटल सही प्रत्येक मजकुराला वेगळी असते, कारण ती मजकुराच्या ठशावरूनच काढलेली असते. सातबाऱ्यातल्या क्षेत्राचा एक अंक बदला, ठसा पार बदलतो आणि सही खोटी ठरते. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात कीची जोडी आणि मजकुराचा ठसा या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

सातबारा सहज आला नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. १५ रुपये भरून उतरवून घेता येतो. फुलंब्रीचा, कन्नडचा शेतकरी तो सेवा केंद्रातून छापून घेतो आणि कागद जपून ठेवतो. पण सही कागदावर येतच नाही! कागदावर येते ते सहीचे चित्र, म्हणजे नाव आणि तारीख. खरी सही पीडीएफ फाइलच्या बाइट्समध्ये असते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, छापा जरूर, पण मूळ फाइलही ठेवा. ईमेलवर, मुलाच्या फोनमध्ये, कुठेही.

ती फाइल संगणकावर उघडली की बहुतेकांना पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’. लोक घाबरतात, दाखला बोगस आहे असे समजतात. आधारच्या पीडीएफवरही हेच दिसते. इथे ‘पीडीएफसिग’ ही छोटी आज्ञा चालवून पाहावी. ती दोन वेगळी उत्तरे देते. एक, सही मजकुराशी जुळते का? दोन, सही करणाऱ्याच्या दाखल्यावर या संगणकाचा भरवसा आहे का? पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही, असे आले तर सहीनंतर मजकुरात कुणी हात घातलेला नाही. बहुतेक वेळा फक्त भारताची साखळी या संगणकाला ओळखीची नसते. साखळीच्या टोकाशी केंद्र सरकारच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचे रूट सर्टिफिकेट असते. त्याखाली परवाना दिलेली प्राधिकरणे, त्याखाली सही करणारा अधिकारी. नियंत्रकाचे रूट सर्टिफिकेट अधिकृत जागेवरून आणून एकदा विश्वासू यादीत घातले की खऱ्या दाखल्यावरचे प्रश्नचिन्ह जाते. मात्र पहिल्याचे उत्तर नाही असे आले तर तो सातबारा हातातही धरू नये.

साखळीची ताकद किती आणि नाजूकपणा किती, हे २०१४ साली भारताला कळले. २ जुलैला गूगलच्या लक्षात आले की त्यांच्या संकेतस्थळांच्या नावाने भलतीच सर्टिफिकेटे फिरत आहेत. ती निघाली होती एनआयसी या सरकारी संस्थेच्या प्राधिकरणातून, आणि त्याच्यावर सही होती भारताच्या नियंत्रकाची. नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची ती सर्टिफिकेटे रद्द केली. सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाली होती असे तपासात सांगितले गेले. क्रोम ब्राउझरने मग भारताच्या या साखळीचा अधिकार मोजक्या भारतीय नावांपुरता मर्यादित केला. एका कडीवर आलेला डाग सगळ्या साखळीला लागला.

मुदतीचेही सांगितले पाहिजे, कारण वाळूजचा सोमवार आता वारंवार येणार आहे. संकेतस्थळांची सर्टिफिकेटे १ सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची असत. ब्राउझर आणि प्राधिकरणांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. सत्तेचाळीस! दिवाळीला बदलले तर संक्रांतीच्या आत पुन्हा त्याच कामाला लागायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून हे निभणार नाही. नूतनीकरण यंत्रावर सोपवायचे, त्यासाठी सर्टबॉटसारखी मोफत हत्यारे आहेत. आणि त्याच्यावर पहारा म्हणून रोज पहाटे एक आज्ञा चालवायची: ओपनएसएसएल एक्स५०९ आणि पुढे ‘-चेकएंड २५९२०००’. तो आकडा सेकंदांचा, म्हणजे ३० दिवसांचा. तेवढ्यात मुदत संपणार असेल तर आज्ञा तसे सांगते, आणि तिच्या उत्तरावर एसएमएस जोडता येतो. वाळूजच्या मुलाने आता तो जोडला आहे.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. सर्व्हर थोड्यांकडे असतात, पण डिजिटल सहीचे डोंगल आपल्या शहरात हजारोंकडे आहे. कंपनीचे जीएसटी, कंपनी कायद्याखालचे फॉर्म, सरकारी टेंडर, सगळीकडे ते लागते. डोंगल हे फार विचारपूर्वक केलेले यंत्र आहे. की त्याच्या आतच जन्मते आणि बाहेर निघत नाही. सही करायच्या मजकुराचा ठसा आत जातो, सही बाहेर येते. ‘पीकेसीएस११-टूल’ ही आज्ञा चालवली तर आत की आहे एवढे दिसते, की दिसत नाही. पिन काही वेळा चुकला की डोंगल स्वतःला कुलूप लावून घेते. इतका बंदोबस्त, आणि आपण ते नेऊन कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये टाकतो.

एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी तो ड्रॉवर पाहिला आहे. मिठाईचा रिकामा डबा, त्यात चाळीसेक डोंगले, प्रत्येकाला रबरबँड, रबरबँडखाली कागदाची पट्टी. पट्टीवर मालकाचे नाव आणि पिन. बहुतेक पिन एकच. सल्लागार भला माणूस होता, एका पैची लबाडी नाही. पण त्या डब्यात चाळीस कारखान्यांची सही करण्याचा अधिकार पडलेला होता आणि झाडू मारणाऱ्या मुलाचा हात तिथपर्यंत पोचत होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४२ वे कलम सांगते की प्रायव्हेट कीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या नावचे सर्टिफिकेट आहे त्याची. ती दुसऱ्याच्या हाती पडली असेल तर प्राधिकरणाला विनाविलंब कळवायचे, तेही त्यानेच. डबा कुणाचा होता हे कायदा विचारणार नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर चिकलठाण्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी डबा पाहिला, आपल्या नावाची पट्टी शोधली.

“भाऊ, माझी सही मी घेऊन जाते.”

“रिटर्नला मग यावं लागेल ताई दर वेळी.”

“येईन ना. तुम्ही सगळं भरून ठेवा, तपासून सही मी करते.”

तिथल्याच संगणकाला डोंगल लावून त्यांनी पिन बदलला, दोनदा, डाव्या हाताचा तळवा कीबोर्डवर आडवा धरून. सल्लागारांनी स्वतःहून मान वळवली. मग ताईंनी कागदाची पट्टी फाडून तिचे बारीक तुकडे केले आणि डोंगल पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकले. तिथे कारखान्याच्या शटरची किल्ली होती.